दंडोबावरून दिसलेली बटू दीर्घिका

आमच्या ह्यांना जे दिसतं ते मलाही दिसलंच पाहिजे, असं ह्यांनी लग्न झाल्यापासून धरून ठेवलेलं आहे. हे विम्याच्या कामात होते. जे अजून घडलेलं नाही त्याबद्दल चारचौघांत खात्रीनं बोलायची सवय तिथेच लागली असावी. उरलेल्या वेळात ते सांगलीच्या ध्रुव आकाशदर्शन मंडळाचे चिटणीस. मंडळाचे अध्यक्ष तात्याबा, हळदीचे व्यापारी. त्यांना आकाशात चंद्र आणि व्याध सोडून तिसरं काही ओळखता येत नसे, आणि व्याधसुद्धा ते कुणीतरी बोट दाखवल्यावरच ओळखत. तिसरा शंभूराज, मिरजेकडचा ऊसवाला. त्याच्याकडे जीप होती, म्हणून त्याला खजिनदार केलेलं. एवढ्या तिघांनी मिळून विश्वाचा कारभार बघायला घेतला होता.

१९९४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. संकष्टी होती. संकष्टीला मी चंद्र बघून जेवते. ढग असले तर थांबते, आणि नाहीच दिसला तर तशीच निजते. ह्यावर ह्यांचं दर महिन्याला एक भाषण होई. "पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिली आहे ना? मग चंद्र वर आला आहे. ढगाच्या मागे असला म्हणून काय झालं, गणितानं तो तिथेच आहे. जेव की."

मी म्हणायची, "तिथे आहे ते ठाऊक आहे. मी बघितला नाही."

"हीच ती अंधश्रद्धा," असं म्हणून हे आपलं ताट संपवायचे.

त्या संकष्टीला मात्र स्वतःहून म्हणाले, चल, तुला दंडोबाच्या डोंगरावर नेतो, तिथून पूर्व मोकळी दिसते. मी निघाले. वर गेल्यावर कळलं की ह्यांना पूर्वेशी काही देणंघेणं नव्हतं. मी देवळाच्या बाजूला पूर्वेकडे तोंड करून बसले, हे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळानं मला हाका मारायला लागले. क्षितिजाच्या जरा वर, हात लांब केला तर दोन बोटं मावतील एवढ्या उंचीवर, एक पांढरट पट्टा होता.

"दिसतंय का तुला?"

"पांढरट काहीतरी आहे खरं," मी म्हटलं आणि परत पूर्वेकडे वळले.

ह्यांना तेवढं पुरलं. घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे वळून वळून मला सांगत होते की आज आपण मोठा मॅगेलन ढग पाहिला. ढग नुसतं नाव. ती म्हणे एक बटू दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची दुसरी आकाशगंगा, पण चणीनं लहान. तिथे एक कोळी तेजोमेघ आहे आणि त्यात नवे तारे जन्माला येतात. आपल्या भागातून ती क्षितिजाला घासून जाते, म्हणून अजून कुणाला दिसलेली नाही. ह्यांनाच पहिल्यांदा दिसली.

मी गप्प बसले नाही. मी सांगितलं की चंद्र उगवेस्तोवर मी तासभर तिथे बसले होते. मधून मधून तिकडेही बघत होते. अगस्ती तेवढ्या वेळात पश्चिमेकडे सरकला, मृग सरकला, हा पट्टा होता तिथेच राहिला.

हे म्हणाले, "ती फार लांब आहे गं. म्हणून सरकत नाही."

अशा माणसाला आकाशदर्शन मंडळाचं चिटणीस केलेलं होतं.

पुढच्या रविवारी मंडळ जीप काढून दुर्बिणीसकट वर गेलं. पट्टा होता तिथेच होता. दुर्बिणीतून त्यात पिवळट ठिपके दिसले, आणि ह्यांनी जाहीर केलं की हेच ते, तारे जन्माला येताहेत. तात्याबांनी डोळा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाळंतीण सुखरूप दिसतीया." सगळे हसले. हे घरी आल्यावरसुद्धा मला तो विनोद सांगून हसले. त्या पट्ट्याच्या खाली, राज्याच्या सीमेच्या बाजूला, एक साखर कारखाना आहे आणि गळिताचा हंगाम जोरात चालू आहे, हे त्या तिघांत एकालाही आठवलं नाही. शंभूराजचा स्वतःचा ऊस त्याच कारखान्याला जात होता. पण तो सभासद म्हणून कारखान्यात जायचा आणि खजिनदार म्हणून डोंगरावर, आणि ह्या दोन्ही वेळच्या शंभूराजांची आपसात भेट कधी झालीच नसावी.

बातमी स्थानिक दैनिकात आली. ह्यांनीच लिहून दिलेली. त्यात एक वाक्य होतं: 'त्यांच्या पत्नी सौ. उमा यांनीही ही दीर्घिका स्पष्ट पाहिल्याचे सांगितले.' लग्नपत्रिका सोडली तर माझं नाव छापून येण्याची ती पहिली वेळ.

मी विचारलं, "मी कधी सांगितलं?"

"डोंगरावर. पांढरट आहे म्हणालीस की."

"माझं नाव काढायला सांगा."

"छापून आलेलं कसं काढणार? आणि तुझं कशाला अडतंय? दोन माणसांनी पाहिलं म्हटलं की नोंद पक्की होते. आणि तुझं नाव असलं की लोक शंका घेत नाहीत."

ते मात्र खरं होतं. गणपतीच्या देवळात बायका मला थांबवून विचारू लागल्या. तात्याबा तर दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हरीभाऊ एकटा बोलला असता तर आमी कानाआड केलं असतं. पण वहिनी म्हंजी चंद्र बगितल्याबिगर पाण्याचा घोट न घेनारं मानूस. त्या कशाला खोटं बोलतील?" म्हणजे वर्षभर ज्या उपासाची ह्या लोकांनी टिंगल केली, त्याच उपासावर आता त्यांची दीर्घिका उभी होती. मला न विचारता माझा शब्द घेऊन गेले होते आणि तो गावभर फिरत होता.

मी ह्यांना सांगून ठेवलं, "मला कुणी समोर विचारलं तर मी नाही म्हणेन."

"तू चारचौघांत तोंड उघडलंयस का कधी?" म्हणाले, आणि दाढी करायला बसले.

ह्यांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला कळवलं होतं. तिथून उत्तर आलं की आमच्याकडची एक संशोधक मिरजेला घरी येणार आहे, ती येऊन बघेल. हे नवा सफारी शिवून बसले. अमावास्येनंतरच्या शनिवारी दुपारी दारात उभी राहिली ती पंचविशीतली, सलवार-कमीज घातलेली मुलगी. ज्ञानदा तिचं नाव. ह्यांनी तिच्या मागे रस्त्यावर पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून.

"सर नाही आले?"

"कुठले सर?" तिनं विचारलं. "बटू दीर्घिकांवर काम मीच करते."

हे आत येऊन मला म्हणाले, "पोरगी पाठवली आहे. चहा टाक." मग बाहेर जाऊन तिला मॅगेलन ढग म्हणजे काय ते अर्धा तास समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. एवढा वेळ तो प्रकार शांतपणे ऐकणारं माणूस मी माझ्याखेरीज पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळी जीपनं निघालो. पुढे शंभूराज आणि हे, मागे तात्याबा, ज्ञानदा आणि मी. मी तिला विचारलं की ही दीर्घिका तिनं पाहिली आहे का.

"फोटोंत पुष्कळदा, काकू. डोळ्यांनी नाही. त्यासाठी खूप दक्षिणेला जावं लागतं. इथून ती जेमतेम चार अंश वर येते. हवा अगदी स्वच्छ असली तर दुर्बिणीतून तो तेजोमेघ तेवढा सापडेल कदाचित. म्हणून तर आले."

"आणि तिथे तारे जन्माला येतात ते?"

"ते खरं आहे. दीर्घिका लहान, पण वायू अजून भरपूर शिल्लक आहे तिच्यात. मृगातला तेजोमेघ ठाऊक आहे ना तुम्हाला? त्या जागी हा कोळी तेजोमेघ आणून ठेवला तर रात्री आपली सावली पडेल, इतका मोठा."

तात्याबा म्हणाले, "आमी बगितला तवा सावली न्हाई पडली."

"लांब आहे ना फार," ह्यांनी पुढून सांगितलं. ह्यांच्याकडे ह्या एका उत्तरावर पुष्कळ भागतं.

वर पोचलो. चंद्राची कोर मावळली. मृग डोक्यावर आला, अगस्ती खाली ठळक दिसायला लागला. हे सफारीची बटणं लावून पुढे झाले आणि दक्षिणेकडे बोट केलं.

तिथे काही नव्हतं. पट्टा नाही, ठिपके नाहीत. क्षितिजापर्यंत काळोख.

ह्यांचं बोट मात्र तसंच राहिलं. "आज जरा अंधूक आहे," म्हणाले. "पण आहे. नीट बघा."

तात्याबांनी लगेच मान डोलावली. "हाय, हाय. बारीक हाय."

ज्ञानदानं दुर्बीण लावली, बराच वेळ हलवून पाहिली. मग शंभूराजला विचारलं, "तिकडे खाली काय आहे? गाव आहे का मोठं?"

"गाव कुठलं. कारखाना हाय," शंभूराज म्हणाला. "आज बंद हाय. मील मोडलीया परवापास्नं. माझा ऊस वाळाया लागलाय गाडीतच." बोलता बोलता त्याचं त्यालाच काहीतरी उमजलं. तो ह्यांच्याकडे न बघता जीपचं टायर बघायला गेला.

ह्यांनी सफारीच्या खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मग ज्ञानदाला म्हणाले, "हे बघा, गणितानं ती तिथे आहे. तुम्हीच म्हणालात, चार अंश. आहे ना? मग झालं तर. आज हवेमुळे तुम्हाला दिसत नाही, त्या दिवशी आम्हाला दिसली. आणि मी एकटा नव्हतो."

ज्ञानदा माझ्याकडे वळली. "काकू, तुमचं नाव आहे बातमीत. तुम्ही पाहिली होती?"

हे माझ्याकडे बघत होते. तात्याबाही. ह्यांच्या चेहऱ्यावर मुळीच काळजी नव्हती, तेच मला सहन झालं नाही. आपली छत्री आपण ठेवली त्या कोपऱ्यात असणारच, अशा नजरेनं बघत होते.

मी म्हटलं, "नाही. मी कारखान्याचा उजेड पाहिला होता. धुरावर पडलेला. तासभर बघितला, जागचा हलला नाही. ह्यांना मी त्याच रात्री सांगितलं होतं."

आवाज मी चढवला नाही. डोंगरावर इतकं शांत होतं की चढवायची गरजही नव्हती.

हे हसले. विम्याचा हप्ता चुकवलेल्या माणसासमोर हसतात तसं. ज्ञानदाला म्हणाले, "हिचं काय आहे, हिला अंधार पडला की नीट दिसत नाही. उपासांनी डोळे गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय."

कुठल्याही डॉक्टरांनी काही सांगितलेलं नव्हतं. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "असेल तसं. मग त्या दिवशी मला दिसली, असं जे छापलंय तेही धरू नका."

ज्ञानदानं तोंड फिरवलं. हसू लपवत असावी. तात्याबा मात्र मोठ्यांदा हसले, आणि मग आपण कुणाच्या बाजूचे हे आठवून खोकले.

हे थर्मास घेऊन जीपकडे गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचे. ज्ञानदा दुर्बिणीपाशी थांबली, म्हणून मीही थांबले. तिनं मला एकेक खूण दाखवली: मृगाचा तेजस्वी पाय, त्याच्या सरळ खाली खाली येत क्षितिज. "ह्या इथे असायला हवी." ती बघायची, मग मी बघायची. डोळ्यात पाणी येईस्तोवर बघितलं. चंद्राची वाट बघायची सवय असल्यामुळे मला काही कंटाळा आला नाही.

"दिसतंय काही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि दुर्बिणीला झाकण लावलं. एवढी पुण्याहून आली, पण तिला ते म्हणायला काही जड गेलं नाही.

पुढे त्या दैनिकात काही आलं नाही आणि मंडळाच्या बैठकीतही तो विषय निघाला नाही. तात्याबा आता लोकांना सांगतात की त्यांना पहिल्यापासूनच संशय होता. उरले हे. त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मी जेवताना बोलत नाही, सकाळी पूजा होईपर्यंत बोलत नाही, आणि दुपारी हे घरी नसतात. आठवडा गेला. शेवटी एके दिवशी मी पोथी मिटून उठत होते तर हे दारात उभे.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये. लक्षात आलंय का तुझ्या?"

"नाही," मी म्हटलं, आणि पानं वाढायला घेतली.