राहुकाल टळेपर्यंत

नागलक्ष्मीच्या हातात पाना आला की जननी आधी रडत नसे, नुसती बघत राही. ते बघणंच नागलक्ष्मीच्या जिवावर येई.

आठ वर्षांची पोर. नडगीच्या हाडात पू झाला. कुजलेला तुकडा डॉक्टर चंद्रमौलींनी काढून टाकला, वरचं चांगलं हाड कापलं आणि पायाभोवती धातूच्या कड्या बसवल्या. कड्यांचे नट आईने घरीच दिवसातून चारदा थोडे थोडे फिरवायचे. कापलेला भाग हळूहळू खाली सरकतो आणि मागे नवं हाड भरत जातं. "फिरवणं चुकलं तर हाड मधेच चिकटेल," असं त्यांनी बजावलं होतं.

पण पाना लागला की जननी अशी किंचाळे की समोरच्या घरातली माणसं दारात येत. एकदा पाना उचलताना भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरात राहुकाल दिसला. कुंभकोणात राहुकालात कोण चांगल्या कामाला हात घालतो? तिने पाना खाली ठेवला आणि जननी चक्क हसली. झालं! मग राहुकाल टळला की यमगंडाची तसलीच अशुभ वेळ निघे, यमगंड टळला की पोर झोपलेली असे. बाईला निमित्तच हवं होतं.

आज दवाखान्यात चंद्रमौलींनी नवा एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हाड चिकटलंय. पुन्हा कापावं लागेल," ते तमिळमध्ये म्हणाले. "नट फिरवायचे राहिले होते का?"

नागलक्ष्मीने जननीचा फ्रॉक कड्यांवरून नीट ओढला.

"नाही," जननीच बोलली. "अम्मा रोज फिरवायची. मी रडले तरी."

पोर आईला पाठीशी घालत होती.

"मग हिचं हाडच लवकर भरतंय. पुढच्या वेळी जास्त वेगाने सरकवू. दुखेल फार, नवं हाड कच्चंही राहील, पण इलाज नाही."

डॉक्टर रागावतील याचं नागलक्ष्मीला काही नव्हतं. आपल्या मांडीवर विसावलेल्या जननीच्या चिमुकल्या हाताची तिला भीती वाटत होती.

"खोटं बोलते ती, डॉक्टर. मीच फिरवले नाहीत. माझ्याने बघवेना."

"मग वेग वाढवायला नको. पण फिरवले असते तर आज कापावं लागलं नसतं," चंद्रमौली हळूच म्हणाले.

जननी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मराठीत बोलली. "मला पुन्हां कापतात की, अम्मा? तू फिरवली नाहीस म्हणून?"

"होय गे," नागलक्ष्मी म्हणाली.

जननीने अम्माच्या मांडीवरचा आपला हात काढून घेतला.