गुरुपत्नीचं नाव

दरबारी वैद्य चोंग यान्शी सत्तरीला टेकले होते. सम्राटाच्या हुकमावरून लिहायला घेतलेला त्यांचा औषधींचा ग्रंथ जवळजवळ पुरा झाला होता. गाडं अडलं होतं ते बचनागापाशी. ते विषारी मूळ किती उकळलं म्हणजे औषध होतं, यावर राजधानीतल्या पंडितांचं एकमत होईना. शेवटी चोंग स्वतःच निघाले आणि शू प्रांताच्या डोंगरातल्या, आपण वैद्यकी शिकलो त्या गावी, चाळीस वर्षांनी येऊन पोचले.

गुरुजी कधीच गेले होते. त्यांची मुलगी पेइलान अंगणात मुळं चिरत बसली होती. केस पांढरे झालेले, पण हात तसाच झपझप चाललेला.

"ताई, ओळखलंत का?"

तिने मान वर केली. "न ओळखायला काय झालं? न विचारता कच्चा बचनाग चावून दिवसभर बोबडं बोलणारा एकच तर होता! दरबारी टोपी घातलीस म्हणून काय तोंड बदललं?"

चोंग खळखळून हसले. त्यांना 'अरे-तुरे' करणारं राजधानीत कुणी उरलंच नव्हतं. चुलीवरचं तेच काळं मडकं, आल्याचा वास, भिंतीला टांगलेल्या मुळ्यांच्या जुड्या. ते तिच्याजवळ चुलीपाशी बसले.

"गुरुजी मुळं किती वेळ उकळायचे, ताई?"

"बाबा? बाबा नाडी बघायचे. मडकं आईचं. उकळलेल्या मुळाची चकती जिभेला लावायची. झिणझिण्या आल्या की परत चुलीवर. झालं!"

चुलीपुढे बसून जीभ बाहेर काढणारी गुरुपत्नी चोंगना लख्ख दिसली. आणि आपण जन्मभर ही विद्या गुरुजींच्या नावावर सांगत आलो!

"त्यांचं नाव काय होतं?"

"सहा वर्षं तिच्या हातचं जेवलास ना रे?"

"आम्ही सगळे आईच म्हणायचो," ते खालमानेने म्हणाले.

"मिआओ सुशिन."

राजधानीत परतून चोंगनी बचनागाच्या पानावर ते नाव लिहिलं. मुख्य कारकुनाने ते खोडलं. सम्राटाच्या ग्रंथात चुलीपुढची बाई कशाला? चोंग म्हणाले, "मग माझंही खोडा." त्यांनी शिक्का मारला नाही, आणि ग्रंथ आठ महिने पडून राहिला. अखेर नाव राहिलं.

वसंतात एक प्रत डोंगरात पोचली. पेइलानला अक्षरओळख नव्हती. गावच्या पंतोजींकडून तिने ते पान तीनदा वाचून घेतलं, आणि तिन्ही वेळा आईच्या नावापाशी त्यांना थांबवलं.