लाल पानाची बरणी

"बाय, राग नको येऊ दे तुना, पन ह्या डब्यान काय तरी मेलाय."

सोमाकाका हे अगदी माझ्या कानाशी येऊन बोलले. काउंटरवर इतके वाकले होते की त्यांच्या टोपीची कड माझ्या कपाळाला लागली. आमचं दुकान एवढं अरुंद आहे की त्यात गुपित सांगायचं तर आधी श्वास आवरावा लागतो. दोन हातांवर चंदूशेठ गादीवर बसून पेपर वाचत होते.

"जीब जलते ती गोष्ट वेगली," काका पुटपुटले. "ती माझी खोड हाय, ओढतोच बिडीसारका. पन ह्याला वास कसला येतोय बघ. भिजलेली गोनपाटा कोपऱ्यान टाकून इसरावी ना, तसा."

मी डबा उघडला. नाक जवळ न्यायचीही गरज पडली नाही. बुरशी. वरून तंबाखूचं पान छान दिसत होतं, तांबूस, मऊ. आत मात्र बंद ट्रंकेतल्या ओल्या गोधडीचा वास.

"कधी नेलात हा?"

"तू लेकीकडं होतीस तवा. शेठनं सोताच लावून दिला."

एवढं बोलून काका छताच्या पंख्याकडे बघायला लागले आणि मी डब्याच्या झाकणाकडे. शेठकडे दोघांपैकी कोणीच बघितलं नाही. दीड वर्षात ही कला आम्हा सगळ्यांना चांगली साधली होती.

सांगायची गोष्ट एवढीच, की चंदूशेठना वास येत नाही. दीड वर्षापूर्वी ताप आला, आठ दिवस घरी होते, परत आले ते नाक तिकडेच ठेवून. मला कळलं ते दुधामुळे. मागच्या शेगडीवर चहाचं दूध करपलं, समोरच्या शिंप्याने रस्ता ओलांडून येऊन विचारलं काय जळतंय, आणि शेठ मात्र शेगडीकडे पाठ करून शांतपणे सोन्याचे भाव वाचत होते.

दुसरं कुठलं दुकान असतं तर काय बिघडलं असतं? आमच्या कॅम्प चारच्या बाजारातल्या रांगेत कापडवाला आहे, मोबाईलची कव्हरं विकणारा आहे, नाकावाचून त्यांचं काही अडत नाही. पण आम्ही पाइपचा तंबाखू विकतो, आणि तोही ज्याला जसा हवा तसा, वेगवेगळी पानं मिसळून, लावून. गिऱ्हाईकं थोडी, पण चिवट. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, एमआयडीसीतले दोनचार इंजिनीअर, कल्याणचे एक दातांचे डॉक्टर. ही माणसं इथे येतात ती शेठच्या नाकासाठी. शेठनी स्वतः कितीदा तरी सांगितलं होतं, "जिस दिन नाक जाएगी, उस दिन शटर नीचे. फिर भगवान का नाम लूँगा." त्यामुळे नाक गेल्याचं कोणी मोठ्याने बोलायचं म्हणजे शटर खाली ओढण्यासारखंच होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरी बसून हा माणूस नुसतं भगवानाचं नाव घेत बसला असता, तर भगवानालाही ते जड गेलं असतं.

म्हणून मग आमचा एक रिवाज पडला. गिऱ्हाईक आलं की शेठ पितळी परातीत हात घालत, चिमूट नाकाशी नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "पिवळा अजून दोन मूठ." मी एकच मूठ टाकायची आणि दुसरीची नुसती हालचाल करायची. ते म्हणत "लाल बस झाला," तेव्हा मी पाठमोरी होऊन थोडा लाल घालायची. मग ते पुन्हा डोळे मिटत, मान हलवत, आणि गिऱ्हाईकही मान हलवे. गिऱ्हाईकांना कळत नव्हतं असं नाही. डेंटिस्टसाहेब तर एकदा शेठना दाद देता देता माझ्याकडे बघून हसले होते. पण बोललं कोणीच नाही.

आणि मी कशी बोलणार? माझ्याकडे जे आहे ते याच माणसाने दिलेलं.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे डब्यांवर लेबलं चिकटवायला आले. आमच्या ह्यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली होती, शिक्षण माझं नववी, तीही दोनदा. तोवर माझं नाक म्हणजे घरात कटकट होती. कालची भाजी मला चालायची नाही, शेजारणीच्या तेलाचा वास भिंतीपलीकडून यायचा, संध्याकाळी कंपन्यांनी हवा सोडली की मी आधी खिडक्या लावत सुटायची. सासूबाई म्हणायच्या, राजाच्या घरी जन्माला यायचीस, चुकून आमच्याकडे आलीस.

तिसऱ्या दिवशी दुकानात पोती उतरली. मी लेबलं चिकटवता चिकटवता म्हणाले, शेठ, ते मधलं पोतं भिजलंय. शेठनी पोतं फोडलं. बाहेरून कोरडं, आतली मूठभर पानं ओली. मग त्यांनी लेबलांचा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला आणि पहिली बरणी पुढ्यात ठेवली.

"सूँघ. आणि सांग, कशासारखा?"

व्हर्जिनिया म्हणजे आमच्याकडे आंध्रातून येणारं पान. नाव परदेशी, जन्म गुंटूरकडचा. पण एकाच पानाचे किती स्वभाव. पिवळा म्हणजे सुकं गवत आणि लिंबाची साल. त्यात साखर जास्त, घाई केली की जीभ भाजते. लाल म्हणजे तव्यावर भाजलेला पाव, मागून जर्दाळू. दाबून, वड्या करून वर्षानुवर्षं ठेवलेला म्हणजे मनुका, थोडं व्हिनेगर. आणि बर्ली, ते वेगळं पान, त्यात साखर जवळपास नाहीच. दाण्याच्या कुटासारखा वास, भडकलेल्याला शांत करणारं. ही नावं सगळी मला शेठनी दिली. वास मला आधीही येत होते, पण त्यांना नावं असतात आणि नाव घेतलं की ते ओळखीचे होतात, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. कोणी शाळेत घालावं तसं त्यांनी मला त्या बरण्यांत घातलं. मी आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. कुणी विचारलं तर सांगते, मी वास विकते.

सोमाकाकांचं पान आम्ही दोघांनी मिळून लावलं होतं. काका बदलापूरच्या गावातले. एका पारशी साहेबाच्या बंगल्याची त्यांनी तीस वर्षं राखण केली, साहेब जाताना पाइप यांच्या हातात ठेवून गेला. काका पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, साहेबाचाच तंबाखू द्या. दिला. आठ दिवसांनी परत, जीभ दाखवत. मी विचारलं, "काका, चहा कसा घेता?"

"गुलाचा. का?"

"आणि पाइप कधी ओढता?"

"पोटभर जेवून, बांधावर बसून. बांध इकला, आता गच्चीन बसतो."

शेठ हसले. ज्याला गुळाचा चहा लागतो त्याला लिंबाची साल काय करायची? आणि ओढणार बिडीसारखं, भसाभस. मग पिवळा कमी केला, लाल वाढवला, थोडी बर्ली घातली, पान जाड चिरलं, आणि दोन बोटांत दाबून सोडल्यावर हळूच उलगडेल इतकंच ओलसर ठेवलं. साहेबाचं पान साहेबाबरोबर गेलं, सातव्या खेपेला काकांना स्वतःचं मिळालं. त्या दिवशी त्यांनी शेठना वालाच्या शेंगांची पिशवी आणून दिली होती.

आता त्याच काकांच्या डब्यात बुरशी होती, आणि ती का, ते मला समोर दिसत होतं. लेकीच्या, अस्मिताच्या, बाळंतपणाला मी बारा दिवस नव्हते. लाल पान कडक झालं असणार. शेठनी त्यावर पाणी शिंपडलं असणार, आणि रात्रभर कापडाखाली मुरू न देता बरणीत भरून झाकण लावलं असणार. पान मुरलं की त्याचा कच्चा वास जातो, तेवढ्यावरूनच झाकण कधी लावायचं ते कळतं. ज्याला वास येत नाही त्याने काय करावं?

"द्या तो डबा," मी हळूच म्हणाले. "दुसरं लावून देते. बसा."

काका स्टुलावर बसले. मी डबा काउंटरखाली सारला आणि लाल पानाची बरणी आधी बाजूला काढायला जाणार, तेवढ्यात एक मुलगा आला.

मुलगा म्हणजे तिशीचा. अल्पेश नाव, एमआयडीसीत केमिकल इंजिनीअर, सिगारेट सोडून पाइप धरायचा म्हणत होता. मी म्हटलं, दोन्ही सोडलेलं बरं. तो म्हणाला, आंटी, मम्मी पण हेच बोलते. मोबाईलवर खूप वाचून आला होता.

"अंकल, प्युअर व्हर्जिनिया पाहिजे. मेरे टेस्ट के हिसाब से. लोक बोलतात तुमची नाक म्हणजे मशीन आहे."

शेठनी पेपर घडी करून ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला परत त्यांच्याकडे बघवेना.

"आव साईं, बैठ. चाय में शक्कर कितनी?"

"शक्कर नाही. ब्लॅक कॉफी."

"आणि सकाळी ओढणार की जेवून?"

"सकाळी. बाल्कनीत."

"फिर तो पिवळा. कोरा, हलका," शेठ म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होतं. नाक गेलं तरी माणूस ओळखणं कुठे गेलं होतं? मी परातीत पिवळा घातला. शेठनी चिमूट उचलली, डोळे मिटले. "इसमें थोडा लाल. फक्त चवीला भर म्हणून." आणि मी उठायच्या आत त्यांनी स्वतः हात लांबवून ती बरणी ओढली, झाकण काढलं, नाकाशी धरली, दीर्घ श्वास घेतला.

"वाह," शेठ म्हणाले. "पक्का माल. सूँघ."

त्यांनी बरणी त्या मुलाच्या पुढे केली.

स्टुलावर सोमाकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलाने वास घेतला, मान मागे घेतली, आणि माझ्याकडे बघितलं. चांगल्या घरचा होता.

"शेठ, त्यातला नको," मी म्हणाले. "ती बरणी खराब झालीय. माझी चूक. जायच्या आधी मीच पान ओलं केलं आणि तसंच भरून गेले, घाईत. सोमाकाकांच्या डब्यातही तेच गेलंय. मी बदलून देतेय."

आमच्या दुकानात याहून मोठा गुन्हा नाही. बावीस वर्षांत शेठ माझ्यावर कशासाठीही ओरडले नव्हते. पण बुरशीची बरणी म्हणजे भटारखान्यात झुरळ. काका माझ्याकडे बघत होते. डबा कोणी, कधी लावला, ते त्यांना ठाऊक होतं.

शेठनी हातातली बरणी फिरवून बघितली. काचेतून पान चांगलंच दिसत होतं. त्यांनी चिमूटभर काढून तळहातावर पसरलं, उजेडात धरलं, बोटाने चाचपलं.

"इतनी बड़ी गलती तू करेगी?" ते मला म्हणाले.

"झाली, शेठ."

"पण अंकल," अल्पेश म्हणाला. त्याच्या आवाजात काही खोच नव्हती, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "आत्ता तुम्ही सूँघा ना? मग तुम्हाला कळलं नाही?"

रस्त्यावरून अंबरनाथची शेअर रिक्षा चौथ्या सीटसाठी ओरडत गेली. काकांनी टोपी चाचपली. मी परातीतलं पिवळं पान उगाच सारखं करत राहिले. मनात म्हणत होते, शेठ, सांगा की पडसं झालंय. एवढं तर सांगा. आम्ही सगळे मान हलवू.

शेठनी तळहातावरचं पान परत बरणीत टाकलं. झाकण नीट फिरवून बसवलं. बरणी गादीच्या कडेला, जमिनीवर ठेवली. मग परात दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे सरकवली, आणि गादीवर थोडं मागे सरले, मला बसता येईल एवढी जागा करत.

"ही खोटं बोलते," ते त्या मुलाला म्हणाले. "चांगली आहे म्हणून बोलते. बरणी मी खराब केली. मला वास येत नाही, बेटा. दीड साल हो गया. जो माल यहाँ से जाता है ना, सब इसकी नाक का है."