चाकातला बर्फ

दांड्याचं टोक चेचलेलं होतं – झिजलेलं नव्हे, ठोकून ठोकून फुलून आलेलं, जुन्या ब्रशचे केस फुलतात तसं... लेम्पीने हातमोज्यातल्या अंगठ्याने ते चाचपलं. झाडू गाडीवरचा बर्फ झाडायचा. त्याचा ब्रश अजून शाबूत, आणि ज्या टोकाला काही कामच नाही तेच खराब झालेलं. ओन्नीचं सगळं असंच उफराटं. हे कसं झालं, असं तिने मागे एकदा विचारलंही होतं, तर म्हणाला, "वापरून." संपलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेली सगळी उत्तरं एका पोस्टकार्डावर मावली असती.

तो मे महिन्यात गेला, बर्फ वितळून जमीन खणण्याजोगी झाल्यावर – मरतानाही कुणाची गैरसोय नको. त्यामुळे त्याच्याविना हा पहिलाच हिवाळा. दोन दिवस सरोवरावरून बर्फ येत राहिला होता, आज दुपारी कुठे रस्ता मोकळा झाला, आणि लेम्पीला गाडी चालते की नाही ते बघायचं होतं. तसा ठरावच झाला होता, ऑक्टोबरात, मुलीशी फोनवर. "आई, तू आणि ती सोळा वर्षांची गाडी, दोघींनी मिळून रस्त्यात बंद पडायचं ठरवलंय का?" सिंडी म्हणाली होती. "ये की ॲरिझोनाला. दारात लिंबं लागतात इथे." आणि लेम्पी चिडून बोलून गेली होती, "गाडीने हा हिवाळा काढला तर मी इथेच राहणार. नाही काढला तर येईन, आणि पुन्हा तोंड उघडणार नाही." बोलल्या शब्दाला ती पक्की होती. खोड म्हणा हवं तर.

पहिल्या दोन वळणांना ब्रेक खरवडले, वायपर कुरकुरले – ते नेहमीचंच, दोन दिवस उभ्या गाडीचे रुसवे. पण गाव मागे पडलं, काठाच्या रस्त्यावर तिने वेग वाढवला, काटा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. वेग कमी केला, थांबलं. वाढवला, पुन्हा तेच, आता मनगटापर्यंत... "घालवलंस ना शेवटी," ती मोठ्याने म्हणाली. गाडीला की त्याला, तिलाही कळलं नाही. म्हणजे झालं. घर विकायचं, सौनाच्या, त्या वाफाऱ्याच्या खोलीतल्या खुंटीवरचा त्याचा टॉवेल काढायचा, लिंबं बघत बसायचं. मला लिंबं नकोत. मला तो स्वयंपाकघराच्या दारात बूट आपटताना हवाय, फरशीभर पाणी करणारा, आणि मी ओरडायला हवी आहे... हे कुणाला सांगणार? सिंडीला सांगितलं तर ती डॉक्टरांचा नंबर देईल.

गॉर्डीचं गॅरेज पाच मैलांवर. गॉर्डी पन्नाशीचा, लहानपणी ओन्नीच्या हाताखाली मासे धरायला शिकलेला.

"काय काकू, हवा खायला निघालात?"

"स्टिअरिंग थरथरतंय. काय मोडलंय ते सरळ सांग. गोड बोलू नकोस."

गॉर्डीने गाडी वर उचललीसुद्धा नाही. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, आत डोकावला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि ठोकलं – टक टक, टक. टक टक, टक.



हा आवाज... मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हा आवाज यायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून. ती सहाला शाळेच्या भटारखान्यात जायला निघायची. त्याआधीची तिची एवढीशी झोप, आणि त्यात ही टकटक. आदल्या रात्री भांडण झालेलं असलं तर ती पक्कं समजायची: माझ्यावरचा राग चाकावर काढतोय. बोलता येत नाही म्हणून लाथा-बुक्क्या. एकदा तिने काचेवर बोटं आपटून खडसावलं होतं, "झोपू दे की माणसाला." त्याने हात वर केला होता. त्यानंतर तो हळू ठोकायचा, पण ठोकायचाच, आणि ती पडदा ओढून घ्यायची.

चाकातून पावाएवढा बर्फाचा गोळा जमिनीवर पडला.

"काही मोडलेलं नाही," गॉर्डी म्हणाला. "चाकाच्या आत एका बाजूला बर्फ गच्च बसतो, मग चाक लंगडतं."

"आजवर कधी झालं नाही असं."

"सगळ्यांचं होतं, काकू. ओन्नीकाका काढत असणार, तुम्ही निघायच्या आधी." त्याने पुढचं दुसरं चाक ठोकलं आणि तो मागच्या चाकांकडे वळला.

"मागची दोन राहू दे."

"का?"

"घरी झाडू आहे," लेम्पी म्हणाली.

परतताना स्टिअरिंग शांत होतं, थरथर आता बसायच्या जागेखालून येत होती. ती बेतानेच चालवत होती. चव्वेचाळीस हिवाळे, किती गाड्या, आणि एकदाही हाताला कंप नाही – मला वाटायचं, मी गाडी चांगली चालवते. सांगायचं होतंस, मुक्या. एकदा सांगितलं असतंस तर काय जीभ झिजली असती? तिला त्याचा भयंकर राग आला, आणि तो समोर नाही याचा त्याहून जास्त.

अंगणात तिने गाडी त्याच्या नेहमीच्या जागी लावली. झाडू उलटा धरला. चेचलेलं टोक चाकात बरोबर बसलं. गाडी टिकली होती. ठरावाप्रमाणे आजपुरती तरी लेम्पी जिंकली होती, पाचला सिंडीचा फोन येईल तेव्हा तसं सांगता येईल... पण ठराव एकट्या गाडीचा होता, आणि गाडी तर कधी एकटी चाललीच नव्हती.

तिने ठोकलं. इथून आवाज बोदा येत होता, घरात यायचा तसा नाही. तो फक्त आतूनच तसा ऐकू येत असणार. पुन्हा ठोकलं, जरा जोरात. मग आणखी जोरात, झोपलेल्या माणसाची झोप मोडेल इतक्या. घरात फोन वाजायला लागला. लेम्पी खिडकीकडे बघत राहिली – पडदा सकाळपासून उघडाच होता, आणि कुणीतरी वैतागून तो आतून ओढून घ्यायला हवा होता.