शेवटची गाठ

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ अजून शाबूत आहे, म्हणून थोडी बढाई मारली तर चालवून घ्या. उमेदीच्या काळात मी ट्रकवरचे सामान बांधायचो. शेवटच्या खेपेला घरदार सुटलेल्या माणसांची गाठोडी होती. ती उतरली आणि मला गटाराकाठी टाकून ट्रक निघून गेला. फार वाईट वाटले मला.

पाळणाघराच्या बाईंनी मला उचलले, स्वच्छ धुतले आणि एकेका मुलासाठी माझ्यावर एकेक गाठ मारली. रस्ता ओलांडताना प्रत्येकाने आपली गाठ धरायची. संध्याकाळी दाराशीही ती धरूनच उभे राहायचे आणि आपले माणूस आले की मगच सोडायची. त्या गाठोड्यांबरोबर आलेल्या एका मुलीसाठी बाईंनी शेवटी नवी गाठ मारली. तिची आई कारखान्यात जायची. मुलीला इथली भाषा येत नव्हती, पण गाठ मात्र ती अशी आवळायची की मलाच दुखायचे.

शेजारचा इस्त्रीवाला कुरकुरला, "बाई, आपली पोरं कमी होती का? ही कशाला गळ्यात बांधून घेतलीत?"

एका संध्याकाळी एक गोडबोल्या माणूस आला. "मी हिचा मामा. आईनंच पाठवलंय." त्याने खाऊ पुढे केला. मुलीने गाठ सोडली नाही.

"जाऊ द्या ना, त्यांचं ते बघून घेतील," इस्त्रीवाला म्हणाला.

"पोर गाठ सोडत नाही तोवर मी पोर सोडत नाही," बाई म्हणाल्या. "आई येऊ दे. बसा तुम्ही."

तो बसला नाही. पाणी पिऊन येतो म्हणाला आणि पसार झाला. थोड्या वेळाने आई आली. सगळे ऐकून ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "बाई, मला भाऊच नाही."

तेव्हा कुठे मुलीने गाठ सोडली आणि आईच्या कुशीत शिरली. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना माझे मोकळे टोक कुणीतरी धरले. हात इस्त्रीने गरम झालेला होता. आता तो रोज येतो, आणि वर बाईंनाच बजावतो, "सावकाश, आमची पोरं आहेत."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. दोर काय, बाजारात नवा मिळतो. पण तुमच्या गल्लीत नवे मूल आले तर त्याच्यासाठी एक गाठ वाढवा. दर गाठीमागे मी थोडा आखूड होतो खरा, पण अजून पुष्कळ उरलो आहे.