शेवटच्या धड्याचा फोन

सकाळी सव्वानऊला फुलांच्या दुकानाची गाडी फुटपाथवर चढली आणि दिव्याच्या खांबाला धडकली. फुटपाथवर कोणी नव्हतं. गाडी चालवणाऱ्या मुलीचं डावं मनगट मोडलं. मागच्या बादल्या कलंडल्या, पाणी आणि पांढरी फुलं दारातून रस्त्यावर आली. मुलीच्या हातून निसटलेला फोन पायाशी पडून वाजतच होता. त्यावर नाव होतं, बाबा.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे. शेवटच्या धड्याला ते शेजारी बसून विद्यार्थ्याच्या फोनवर गुपचूप रिंग देतात. त्याची नजर जरा वळली की ब्रेक दाबतात आणि म्हणतात, "मेलास. चल, पहिल्यापासून." भलेभले त्यात गळतात. मुलगी पहिल्याच फटक्यात पास झाली होती. लहानपणापासून तिला गाडी चालवायचीच नोकरी हवी होती. ती मिळून जेमतेम आठवडा झाला होता.

त्या दिवशी बाबांनी चहाच्या टेबलावरून रिंग दिली.

"अहो, ती कामावर आहे," आई म्हणाली.

"म्हणून तर. ढुंकून बघणार नाही ती. लाव पैज."

या वेळी त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता.

हॉस्पिटलात प्लास्टर वाळल्यावर बाबांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "का बघितलंस गं?"

"तुम्ही कामाच्या वेळेत कधी फोन करता? मला वाटलं, आईला काही झालं."

"मला काय धाड भरलीय!" आई म्हणाली आणि मुलीच्या केसांत अडकलेली पाकळी काढायला लागली. पाकळी निघाली, तरी हात तिथेच राहिला.

"चूक माझी," बाबा म्हणाले.

"गाडी बाजूला घेऊन बघता आलं असतं, बाबा. तेही तुम्हीच शिकवलंय."

"दोघंही नापास," आई म्हणाली. "आता मुकाट्याने टॅक्सीत मागे बसा. पुढे मी बसते."

दुपारी बाबा एकटेच फुलांच्या दुकानात गेले. मालकीणबाई ओल्या हातांनी देठं छाटत होत्या.

"फोन माझा होता," बाबा म्हणाले. "तिला काढू नका."

"फोन तुमचा. नजर कोणाची होती, मास्तर?"

आयुष्यभर ते विद्यार्थ्यांना हेच विचारत आले होते. "तिची," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "पोरगी गोड आहे हो. पण फुटपाथवर कोणी असतं तर? हात बरा होऊ दे. मग मी शेजारी बसून बघते. तुम्ही यायचं नाही."

बाबांनी मान डोलावली. बाहेर पडून त्यांनी आईला फोन केला, तोही शिकवणीची गाडी सुरू करण्याआधी, किल्ली खिशात ठेवून. "काढलेलं नाही," एवढंच सांगितलं.

मुलगी आता दुकानात बसून उजव्या हाताने गुच्छांवरच्या चिठ्ठ्या लिहिते. दुरुस्त झालेली गाडी दुसरा ड्रायव्हर चालवतो. तो वेळेवर येतो, फुलंही नीट पोचवतो. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. त्या ड्रायव्हरला कायम केलं आहे का, हे मुलीने अजून विचारलेलं नाही आणि मालकीणबाईंनीही सांगितलेलं नाही.