काका हलले नव्हते

बाईंच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. कुणाची कंबर आखडलेली, कुणाची मान धरलेली, कुणाचा खांदा गोठलेला. बाई माणसाला टेबलावर निजवायच्या, पट्ट्याने धड पक्कं करायच्या आणि आखडलेला भाग हळूहळू ताणून मोकळा करायच्या.

घड्याळं दुरुस्त करणारे काका दोन महिने येत होते. त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. पहिल्याच दिवशी बाईंनी शब्द दिला होता, "तुम्ही 'बस' म्हणालात की मी थांबणार." आणि त्या थांबतही असत. काका जरा लवकरच 'बस' म्हणायचे, एवढंच.

त्या दिवशी हाडांचे एक डॉक्टर बाईंचं काम बघायला आले. पसंत पडलं तर ते आपले रुग्ण पाठवणार होते. बाईंना चेव चढला. काकांचा हात त्यांनी डोक्यामागे नेला.

"बस," काका म्हणाले.

बाईंना स्वच्छ ऐकू आलं. तरी त्या म्हणाल्या, "श्वास सोडा काका, थोडंसंच राहिलंय," आणि जोर लावला.

जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला. काका पांढरेफटक पडले. डॉक्टर पुढे धावले, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "काका, मध्येच हललात ना!"

काकांनी कसंबसं म्हटलं, "हो... हललो असेन."

खांद्यातला स्नायू फाटला होता. सहा आठवडे हात झोळीत. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. "हे म्हणतायत, चूक माझी होती, बाईंनी वाईट वाटून घेऊ नये." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवला तरी कान तापलेलेच. पुढचे दोन दिवस कुणी "तुमच्या हाताला गुण आहे" म्हटलं की त्या हात पदराखाली घ्यायच्या.

पाचव्या दिवशी त्या काकांच्या घरी गेल्या. काका डाव्या हाताने स्क्रू बसवू बघत होते, काकू चिमट्यात घड्याळ धरून होत्या. बाई बसल्याच नाहीत.

"तुम्ही हलला नव्हता काका. तुम्ही 'बस' म्हणालात, मी ऐकलं आणि तरी रेटलं. डॉक्टरांसमोर मिरवायचं होतं मला. वर खोटंही बोलले."

काकूंनी चिमटा खाली ठेवला. "चार दिवस मी यांनाच बोलतेय," त्या म्हणाल्या. "स्वस्थ पडून राहायला काय झालं होतं म्हणून."

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मला आठवत होतं, मी हललो नव्हतो. पण तुम्ही म्हणालात ना. तुम्हाला अंगातलं जास्त कळतं. म्हटलं, आपलंच काही चुकत असेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्यांना मान वर करवेना.

काकू दारापर्यंत आल्या. "सांगितलंत, बरं केलंत. पण झोळी निघाली की आम्ही दुसरीकडे जाऊ. आता यांना तुमचा हात लावून घ्यायचा नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

जिन्यातच उभं राहून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि तेच सगळं, एकही शब्द न गाळता, पुन्हा सांगितलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बरं, कळलं," आणि फोन ठेवला. त्यांनी एकही रुग्ण पाठवला नाही. बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.